फोनवरचा एक्स-रे 'चालतो' असं लिहिण्याआधी: वाचकांची तुलना कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा. खानदेशातल्या एका मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या डॉक्टरांनी थीसिससाठी छातीचे १२० एक्स-रे घेतले. ४० क्षयाचे, ८० क्षय नसलेले. दोन कन्सल्टंट आणि ते स्वतः अशा तिघांनी प्रत्येक एक्स-रे दोनदा वाचला. आधी व्हॉट्सॲपवर आलेला फोटो फोनवर, मग मूळ प्रतिमा रिपोर्टिंग रूमच्या मॉनिटरवर. नोंद फक्त 'क्षय आहे' किंवा 'नाही' एवढीच. फोनवर ३६० पैकी ३१० वाचनं बरोबर आली, मॉनिटरवर ३१७. फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का हे बघणारी काय-स्क्वेअर चाचणी लावली, पी-व्हॅल्यू ०.४४ आली (रूढ रीत अशी की ती ०.०५ च्या खाली असेल तरच फरक मानायचा). गाईड म्हणतात, फरक नाही, तेव्हा फोन चालतो असं लिहून टाका. शिवाय दोन्ही कन्सल्टंटनी आधी शिबिरातल्या १०० फिल्म पाहिल्या होत्या. तिथे ८५ टक्के एकमत असूनही कापा, म्हणजे नशिबाने होणारं एकमत वगळून उरलेल्या एकमताचं माप, ०.२६ आला. तो एवढा कमी का, हा दुसरा प्रश्न.

डॉक्टर, आधी सरळ उत्तर देतो. 'फोन चालतो' असं लिहू नका. तुमच्याकडे आहे त्या माहितीतून ते सिद्ध होत नाही. फोन चालत नाही, असंही सिद्ध होत नाही. पण तुमचा विषय अतिशय मोलाचा आहे आणि थोडी मेहनत घेतलीत तर यातून खरं उत्तर निघू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विषय मोलाचा का, ते मी रोज बघतो. धडगाव-मोलगीकडच्या आरोग्य केंद्रातून येणारा एक फोटो डोळ्यांपुढे आणा. फिल्म बघायचा उजेडाचा व्ह्यू बॉक्स बंद पडलेला, म्हणून फिल्म खिडकीच्या गजांना टेकवलेली. एका कोपऱ्यात सिस्टरचा अंगठा. उजव्या फुप्फुसामागे बाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसतंय आणि डाव्या शिखरावर, म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या टोकावर, नेमकी जिथे हाडाखाली सावली शोधायची तिथेच, उन्हाची तिरीप पडलीय. खाली मेसेज: 'सर, काही वाटतं का?' पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की त्या पेशंटला खाली पाठवणं म्हणजे दिवस मोडणं, कधी दोन दिवस. त्यामुळे आपण त्या फोटोवर मत देतो. ते मत किती भरवशाचं, हे मोजण्याचं काम तुम्ही हाती घेतलंय. ते नीट व्हायला हवं.

तुमचा प्रश्न नवा नाही. १९४७ साली अमेरिकेत हुबेहूब हाच प्रश्न होता, फक्त फोनच्या जागी छोटी फिल्म होती. क्षयाची सामूहिक तपासणी करायची तर १४ × १७ इंची मोठी फिल्म महाग पडते. ३५ मिलिमीटरच्या चिमुकल्या फिल्मवर भागेल का? हजाराहून अधिक माणसांचे चार प्रकारच्या फिल्मवर एक्स-रे काढले आणि ते पाच वाचकांना दाखवले. आकडेमोडीला जेकब येरुशाल्मी हे संख्याशास्त्रज्ञ होते. फिल्मच्या आकारामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा एका वाचकात आणि दुसऱ्या वाचकात पडणारा फरक मोठा निघाला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तीच फिल्म काही काळाने त्याच वाचकाला दाखवली, तर तो बऱ्याचदा स्वतःचंच आधीचं मत बदलत होता.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी एका बाईंनी शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. शिरपूरकडच्या एक आजी तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा आल्या. फिल्म एकच, जुनी, त्यांनीच पदराआड जपून आणलेली. मी पहिल्यांदा 'सक्रिय क्षय' लिहिलं होतं, दुसऱ्यांदा 'जुना, बरा झालेला व्रण'. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "डाक्टर, दोन्ही कागद तुम्हनाच शेतस ना?" (तुमचेच आहेत ना?) होते. अक्षरही माझं, सहीही माझी. त्या दिवसापासून मी एक्स-रेच्या चाचणीत वाचणाऱ्याचा डोळाही धरतो. मशीन, फिल्म आणि डोळा मिळून ती चाचणी होते. तुमच्या थीसिसमधली मुख्य चूक हीच आहे की तिथे डोळा मोजलाच गेलेला नाही.

आता काय-स्क्वेअरकडे येऊ. तो लावताना आपण गृहीत धरतो की ३६० अधिक ३६० अशी ७२० वाचनं एकमेकांशी संबंध नसलेल्या ७२० वेगळ्या घटना आहेत. प्रत्यक्षात पेशंट १२० आहेत आणि वाचक तीन. डाव्या शिखरावरची पुसट सावली एकाला दिसली नाही, तर दुसऱ्यालाही न दिसण्याची शक्यता जास्त, कारण फिल्मच अवघड आहे. म्हणजे तिघांची वाचनं एकमेकांना बांधलेली आहेत. तीन वाचकांमुळे पुरावा तिप्पट झाला असं वाटतं, पण तो तिप्पट होत नाही. ही चूक फरकाला उगाच ठळक करते. दुसरीकडे, तीच फिल्म त्याच वाचकाने फोनवर आणि मॉनिटरवर पाहिली आहे. ही जोडी तोडून दोन स्वतंत्र गट मानले की खरा फरक असला तरी तो झाकला जातो. दोन चुका उलट्या दिशांनी ओढतात. म्हणून तुमची ०.४४ ही पी-व्हॅल्यू जास्त आहे की कमी, हेसुद्धा सांगता येत नाही. तिला अर्थच उरत नाही.

दुसरी अडचण 'बरोबर किती' या मापाची. समजा तुमच्याच १२० फिल्मवर दोन वाचक आहेत. पहिला सावध, जरा शंका आली की 'क्षय' म्हणतो. त्याने ४० पैकी ३६ क्षय पकडले आणि ८० पैकी ५६ निरोगींना, म्हणजे क्षय नसलेल्यांना, निरोगी म्हटलं. सेन्सिटिव्हिटी (क्षयी पकडण्याचं प्रमाण) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) ७०. दुसरा हात राखून बोलणारा. त्याने २८ क्षय पकडले आणि ७२ निरोगी बरोबर ओळखले. त्याचे आकडे उलटे, ७० आणि ९०. एकूण बरोबर उत्तरं पहिल्याची ९२, दुसऱ्याची १००. म्हणजे ७७ टक्के आणि ८३ टक्के. दुसरा हुशार ठरला! पण नीट बघा. दोघांची नजर सारखीच असू शकते. एक साधं गृहीतक धरलं, की संशयाची पातळी क्षयी आणि निरोगी या दोन्ही गटांत सारख्या पसरटपणाच्या घंटाकृती वितरणाने वाटलेली आहे, तर हे दोघे तंतोतंत एकाच आरओसी कर्व्हवर ('हो' म्हणायची पातळी बदलत नेली की सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी कशा बदलतात ते दाखवणाऱ्या वक्ररेषेवर) बसतात आणि त्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ ०.९० येतं. फरक नजरेत नाही, 'हो' म्हणायची रेघ कुठे ओढली यात आहे. तुमच्या संचात निरोगी दुप्पट आहेत, म्हणून निरोगींना झुकतं माप देणारा जिंकला. निम्मे क्षयी घेतले असते तर दोघे बरोबरीत सुटले असते.

ही रेघ महत्त्वाची नाही असं मात्र समजू नका. शिबिरात १,००० माणसं आली आणि त्यांत १० क्षयी असतील असं धरा. पहिला वाचक ९ पकडेल, पण त्यासाठी ३०६ जणांना थुंकीच्या तपासणीला पाठवेल. दुसरा ७ पकडेल आणि १०६ जणांना पाठवेल. थुंकीतला क्षयाचा जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणीची किती कार्ट्रिजेस आणि चिप्स तालुक्याला आहेत, त्यावर कोणता वाचक हवा ते ठरतं. पण हा निर्णय तालुक्याचा, कार्यक्रमाचा. तुमच्या थीसिसला विचारायचंय ते वेगळं: फोनमुळे नजर अधू होते का? त्यासाठी नजर आणि रेघ वेगळ्या करणारं माप लागतं, आणि आरओसी त्यासाठीच आहे.

आरओसी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रडारच्या कामातून आलं. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या गोंधळाचा, हे सांगणाऱ्या माणसाची अडचण आणि आपली अडचण एकच आहे. ली लस्टेड यांनी १९६० च्या सुमारास तो विचार रेडिओलॉजीत आणला, आणि शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स मेट्झ यांनी १९७८ साली त्याची तत्त्वं इतकी स्वच्छ मांडली की आजही नवशिक्याला तिथूनच सुरुवात करायला मी सांगतो.

यासाठी 'हो-नाही' पुरत नाही. प्रत्येक फिल्मला वाचकाने खात्रीचा आकडा द्यायचा. १ ते ५, किंवा त्याहून बरं म्हणजे ० ते १००. मग क्षेत्रफळ काढायला संगणकही लागत नाही, हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघाच. समजा चार क्षयी फिल्मना एका वाचकाने ५, ४, ४, २ असे आकडे दिले आणि पाच निरोगी फिल्मना १, १, २, ३, ४. प्रत्येक क्षयी फिल्मची प्रत्येक निरोगी फिल्मशी जोडी लावा, जोड्या वीस. क्षयीचा आकडा मोठा तर एक गुण, बरोबरी तर अर्धा, लहान तर शून्य. पाच मिळालेली फिल्म पाचही जोड्या जिंकते, ५ गुण. चारवाल्या दोन्ही फिल्म चार-चार जिंकतात आणि एकेकीत बरोबरी करतात, प्रत्येकी साडेचार. दोनवाली बिचारी दोनांना हरवते, एकाशी बरोबरी, अडीच. एकूण साडेसोळा. विसाने भागा, ०.८२५. हेच कर्व्हखालचं क्षेत्रफळ. अर्थही साधा: एक क्षयी आणि एक निरोगी फिल्म न सांगता समोर ठेवली, तर हा वाचक क्षयी फिल्मवर जास्त संशय घेण्याची शक्यता साडेब्याऐंशी टक्के. हॅन्ली आणि मॅक्नील यांनी १९८२ साली हा अर्थ उलगडून दाखवला आणि तेव्हापासून डॉक्टरांना हे माप आपलंसं वाटू लागलं. क्षेत्रफळ ०.५ म्हणजे नाणं उडवणं, १ म्हणजे एकही चूक नाही.

इथे बरेच रेसिडेंट एक घोळ घालतात: तिन्ही वाचकांचे आकडे एकाच ढिगात टाकून एकच कर्व्ह काढतात. तसं करू नका. एकाचा ६० म्हणजे दुसऱ्याचा ८५ असू शकतो. प्रत्येक वाचकाचं प्रत्येक माध्यमातलं क्षेत्रफळ वेगळं काढा, सरासरी नंतर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. तुम्हाला कोणाबद्दल बोलायचंय? तुमच्या कॉलेजातल्या या तीन माणसांबद्दल, की धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये उद्या फोनवर एक्स-रे पाहणाऱ्या सगळ्यांबद्दल? पेशंट हे नमुना असतात हे आपल्याला पटलेलं असतं; १२० वरून आपण हजारोंबद्दल बोलतो आणि त्यासाठी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा तो पट्टा, देतो. वाचकही नमुनाच आहेत हे मात्र विसरतो. तीन वाचकांचा नमुना फार छोटा आहे.

तुमचा कच्चा तक्ता माझ्यासमोर नाही, म्हणून मनाने आकडे घेतो. मॉनिटरवरचं क्षेत्रफळ वजा फोनवरचं क्षेत्रफळ, असा फरक तीन वाचकांचा अनुक्रमे ०.०६, ०.०१ आणि उणे ०.०१ आला असं धरा. म्हणजे एकाला फोनने चांगलंच मागे ओढलं, एकाला किंचित, आणि एकाने फोनवरच जरा बरं वाचलं. सरासरी ०.०२. किती छोटा फरक! पण तिघांमधला पसारा बघा: स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०३६, तिघांच्या सरासरीचा स्टँडर्ड एरर (सरासरी किती डगमगू शकते त्याचं माप) ०.०२१. वाचक तीनच, म्हणून छोट्या नमुन्यासाठीच्या टी-टेबलातला आकडा ४.३. गुणाकार केला की ९५ टक्के इंटरव्हल उणे ०.०७ ते ०.११ असा येतो. फोन मॉनिटरपेक्षा ०.०७ ने सरस असण्यापासून ०.११ ने कमी असण्यापर्यंत काहीही शक्य आहे. आणि पेशंट बदलले असते तर काय झालं असतं, ते या साध्या गणितात अजून धरलेलंच नाही.

वाचक आणि पेशंट दोघांनाही एकत्र हिशेबात धरणाऱ्या पद्धती आहेत. त्यांना एमआरएमसी म्हणतात. अनेक वाचक, अनेक केसेस. डॉर्फमन, बर्बॉम आणि मेट्झ यांची १९९२ ची पद्धत आणि ओबुचोव्स्की-रॉकेट यांची १९९५ ची, या दोन सगळ्यात रुळलेल्या. पुढे स्टीफन हिलिस यांनी दोन्हींचा मेळ घालून दाखवला, त्यामुळे कोणती वापरली यावरून आता भांडण नाही. कल्पना अशी: फरकाला कुठल्या कुठल्या कारणांनी डगमग येते ते वेगवेगळं मोजायचं. काही वाचक मुळात तरबेज असतात. ते दोन्ही माध्यमांत तरबेज राहतात, त्यामुळे तुलनेत ती गोष्ट वजा होते. काही वाचकांनाच फोन त्रास देतो, इतरांना देत नाही. ही वाचक आणि माध्यम यांची गुंतागुंत वजा होत नाही, उलट तीच मुख्य शत्रू. मग एकाच फिल्मवर एकाच वाचकाची दोन माध्यमांतली मतं किती बांधलेली, दोन वाचकांची एकाच माध्यमातली किती, आणि दोन वाचकांची दोन वेगळ्या माध्यमांतली किती, हे तीन संबंध. एवढं सगळं धरून जो इंटरव्हल येतो तोच छापायचा.

हे हाताने करायचं काम नाही. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणक-प्रणाली मोफत आहे, त्यात 'आरजाफ्रॉक' आणि 'एमआरएमसी-एओव्ही' ही पॅकेजेस आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेतल्या संशोधकांनी केलेलं 'आय-एमआरएमसी' हेही मोफत. तुमच्या विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक हे नाव ऐकून गोंधळले तर त्यांना सांगा की हा क्रॉस्ड रँडम इफेक्ट्सचा प्रश्न आहे, दोन घटक एकमेकांना छेदतात. ते लगेच ओळखतील. दोन क्षेत्रफळांची तुलना करणारी डीलाँग यांची १९८८ ची चाचणी तुम्हाला कुठेही सहज सापडेल, पण ती एका वाचकापुरती आहे. तिघांसाठी तीनदा लावून 'दोघांत फरक नाही, एकात आहे' असं लिहिणं म्हणजे पुन्हा पहिल्या वळणावर येणं.

आता तुमच्या गाईड सरांच्या वाक्याकडे. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि फोनबद्दलचा त्यांचा अंदाज खरा ठरूही शकेल, पण 'पी ०.०५ पेक्षा जास्त, म्हणजे दोन्ही सारखे' हा निष्कर्ष चुकीचा आहे. तसं असतं तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन वाचक आणि दहा फिल्म घ्यायच्या. फरक कधीच सापडणार नाही आणि काहीही सारखं ठरेल. तुम्हाला सिद्ध करायचंय ते 'फोन फारसा कमी पडत नाही'. त्याला नॉन-इन्फिरिऑरिटी म्हणतात आणि त्याची रीत उलटी आहे. 'फारसा' म्हणजे किती, ते आधी ठरवा. समजा ०.०५ क्षेत्रफळापर्यंतची घट आपल्याला चालेल. मग इंटरव्हलचं वाईट टोक त्या ०.०५ च्या आत राहिलं पाहिजे. वरच्या उदाहरणात ते टोक ०.११ ला आहे; दावा करता येत नाही. ही मर्यादा आकडे पाहण्याआधी सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात, लिहिलेली हवी, आणि तिच्यामागचं कारण वैद्यकीय हवं. आकडे हाती आल्यावर निकाल बसेल अशी मर्यादा निवडणं म्हणजे आधी बाण मारून मग भोवती वर्तुळ काढणं.

मग काय केलं की इंटरव्हल आवळतो? बहुतेकांना वाटतं फिल्म वाढवाव्यात. तुमच्या बाबतीत वाचक वाढवा. तोच सरासरी फरक आणि तोच पसारा ठेवून सहा वाचक घेतले, तर टी-टेबलातला आकडा ४.३ वरून २.५७ वर येतो आणि इंटरव्हल उणे ०.०२ ते ०.०६ च्या आसपास आवळतो. आठ घेतले तर वाईट टोक ०.०५ ला टेकतं. तीन जिल्ह्यांच्या मेडिकल कॉलेजांत, भुसावळ-अमळनेर-शिरपूरच्या खासगी सेंटरमध्ये मिळून पाच रेडिओलॉजिस्ट तुम्हाला नक्की मिळतील. १२० फिल्म दोनदा म्हणजे प्रत्येकाचे चार-पाच तास. आपली माणसं नाही म्हणत नाहीत, नीट विचारलं तर. आणि शक्य असेल तर दोन वाचक आरोग्य केंद्रांतले एमबीबीएस डॉक्टर घ्या, कारण फोन शेवटी त्यांच्याही हातात असतो. मात्र त्यांचा गट वेगळा मांडा.

'खरं उत्तर' कुठून आणलं, याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे. तुमचे ४० क्षयी हे थुंकीच्या कल्चरने किंवा सीबीनॅटने ठरलेले आहेत ना? की दोन्ही कन्सल्टंटनी मॉनिटरवर पाहून ठरवलेत? दुसरं असेल तर मॉनिटरला स्वतःचाच पेपर तपासायला दिल्यासारखं झालं. आणि ८० निरोगी कसे ठरले? आपल्याकडच्या शिबिरांत बऱ्याचदा एक्स-रे संशयास्पद वाटला तरच थुंकी घेतात. तिथे एक्स-रे साफ वाटलेल्यांची पुढे काही तपासणीच होत नाही, त्यामुळे एक्स-रेने हुकवलेला क्षय कायमचा 'निरोगी' म्हणून नोंदला जातो आणि सेन्सिटिव्हिटी फुगून येते. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ साली त्यावरची दुरुस्ती दिली आहे. पण दुरुस्तीपेक्षा बरं म्हणजे एक्स-रे कसाही असला तरी ज्यांची थुंकी तपासली गेली असेच पेशंट निवडणं.

निरोगींची निवडही एकदा तपासून बघा. शंभर टक्के स्वच्छ फुप्फुसं घेतली असतील तर कोणालाही ओळखता येतील आणि फोनही पास होईल. जुने व्रण, कॅल्सिफिकेशन, न्यूमोनिया, आणि नंदुरबारकडचे पेशंट असतील तर सिकल सेलच्या मुला-माणसांच्या छातीतल्या सावल्या, हे सगळं त्या ऐंशीत असायला हवं. आपल्या ओपीडीत गोंधळ यांच्यामुळेच होतो.

कापाचं उत्तर सोपं आहे. तुमच्या शिबिराच्या १०० फिल्ममध्ये दोघांनी मिळून ४ ना 'क्षय' म्हटलं, ८१ ना 'नाही', आणि १५ वर मतभेद (९ आणि ६) असं असेल तर आकडे तुमच्याशी जुळतात. पहिला १३ वेळा 'हो' म्हणतो, दुसरा १० वेळा. दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात उत्तरं दिली असती तरी सुमारे ८० फिल्मवर एकमत झालंच असतं, कारण जवळपास सगळ्यांना 'नाही'च म्हणायचंय. कापा विचारतो, त्या ८० च्या वर किती चढलात? ८५ पर्यंत, म्हणजे उरलेल्या वीसमधले पाच. म्हणून ०.२६. आता तेच ८५ टक्के एकमत निम्म्याच्या आसपास क्षयी असलेल्या संचात बघा: ४० वर दोघांचं 'हो', ४५ वर 'नाही', मतभेद पुन्हा ९ आणि ६. नशिबाने होणारं एकमत फक्त ५०, आणि कापा ०.७०. वाचक तेच, एकमत तेवढंच. त्यामुळे लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या तक्त्यातून 'फेअर', 'सबस्टॅन्शियल' अशी लेबलं उचलून चिकटवू नका. चारही खणांचे आकडे छापा, 'हो' वरचं एकमत आणि 'नाही' वरचं एकमत वेगवेगळं द्या. आणि एकमत म्हणजे बरोबर असणं नव्हे. दोघं एकाच चुकीवरही एक होऊ शकतात.

काही गोष्टी पटकन सांगतो. तुम्ही सगळ्यांनी आधी फोन, मग मॉनिटर पाहिला. मॉनिटरला दुसऱ्या वाचनाचा फायदा मिळाला असणार. पुढच्या वेळी निम्म्या फिल्म आधी मॉनिटरवर दाखवा, दोन वाचनांत किमान चार आठवडे जाऊ द्या आणि क्रम उलटासुलटा करा. तुम्ही स्वतः फिल्म निवडल्या असतील तर वाचक म्हणून बसू नका. तसंच, वाचकाने उजवीकडे बोट ठेवलं आणि क्षय डावीकडे होता, तर साध्या आरओसीत त्याला पूर्ण गुण मिळतात. जागेचा हिशेब ठेवणाऱ्या फ्रॉक पद्धती आहेत, देव चक्रवर्ती यांनी त्यावर मोठं काम केलं आहे. थीसिसला त्यात शिरू नका, पण कोणत्या झोनमध्ये दिसलं त्याची नोंद प्रत्येक वाचनाला घ्या. ती पुढे उपयोगी पडेल.

सबमिशनला वेळ कमी असेल आणि पुन्हा वाचन शक्यच नसेल, तर 'हो-नाही' च्या आकड्यांवरही प्रामाणिक थीसिस होतो. सेन्सिटिव्हिटी ४० वर आणि स्पेसिफिसिटी ८० वर, प्रत्येक वाचकाची वेगळी, दोन्ही माध्यमांची शेजारी-शेजारी द्या. प्रत्येक वाचकासाठी जोडी सांभाळणारी मॅक्नेमार चाचणी करा. ओबुचोव्स्की-रॉकेटची पद्धत क्षेत्रफळाऐवजी सेन्सिटिव्हिटीवरही चालते. शीर्षकात 'तीन वाचकांचा प्राथमिक अभ्यास' घाला आणि निष्कर्षात 'या तीन वाचकांमध्ये' हे शब्द गाळू नका.

आणि आकडेमोडीला बसण्याआधी एक संध्याकाळ काढा. मॉनिटरवर बरोबर आणि फोनवर चुकलेल्या सगळ्या फिल्म बाजूला घ्या आणि फोनवरचे ते फोटो एकेक करून पुन्हा उघडा. चूक सावलीच्या बारीकपणामुळे झाली, की खिडकीच्या उजेडामुळे, की व्हॉट्सॲपने प्रतिमा दाबल्यामुळे, ते प्रत्येकीसमोर लिहा. बहुतेक चुका उजेडाच्या निघाल्या, तर धडगावच्या डॉक्टरला तुम्ही उद्याच सांगू शकता की फिल्म खिडकीला लावू नका, स्क्रीन पूर्ण पांढरी केलेला लॅपटॉप मागे धरा, फ्लॅश बंद ठेवा, आणि दोन्ही शिखरांचा जवळून वेगळा फोटो पाठवा. त्यासाठी कोणत्याही पी-व्हॅल्यूची वाट बघायला नको.